लेप्टोनिका कमी आहे

पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडे माणसं भिजायला येतात. इथं राहणाऱ्यांना त्याच चार महिन्यांत घरात बसून करायचा काहीतरी उद्योग शोधावा लागतो. शनिवार-रविवार धबधब्यांकडे निघालेल्या गाड्या रस्ता अडवतात आणि सोमवारपासून तो पाऊस अडवतो. या दिवसांत कुणी गोधडी शिवतं, कुणी पत्ते पिसतं. मी सोर्सवरून सॉफ्टवेअर बांधतो.

हे वाक्य पाहुण्यांसमोर बोललं की पुढचा प्रश्न ठरलेला. “म्हणजे तुम्ही सॉफ्टवेअर बनवता?” छे. बनवलेलं असतं दुसऱ्यांनीच, आणि फार पूर्वी. त्यांनी लिहिलेला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स, आपण उतरवून घ्यायचा आणि त्याचा चालता प्रोग्राम आपल्या डोळ्यांसमोर, आपल्या यंत्रावर करून घ्यायचा. “मग तयार मिळत नाही का?” मिळतं. “मग?” इथं मी चहा आणायला आत जातो. आत बायको हाच प्रश्न आणखी थोडक्यात विचारते.

यंदा मात्र माझ्याकडे सांगण्यासारखं कारण होतं. गावातल्या वाचनालयात काचेच्या कपाटात काही जुनी पुस्तकं आहेत. वाळवीने त्यांचं वाचन आमच्या आधी सुरू केलेलं. ग्रंथपाल बाईंनी कुणाकडून तरी पानं स्कॅन करून घेतली, पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, “सर, टाइप न करता हे अक्षरांत येतं म्हणे. तुम्ही लिनक्सवाले, तुम्हाला जमेल.” ‘लिनक्सवाले’ हा शब्द आमच्या गावात ‘होमिओपॅथीवाले’ या शब्दाच्या चालीवर म्हणतात. पैसे घेत नाहीत, गुण येईल न येईल, अपाय तर नाही.

चित्रातली अक्षरं ओळखणारं टेसरॅक्ट नावाचं सॉफ्टवेअर आहे. एचपी कंपनीने ते १९८५ ते १९९४ या काळात घडवलं, मग ते बरीच वर्षं पडून राहिलं. २००५ मध्ये त्याचा सोर्स सर्वांना खुला झाला आणि पुढच्या वर्षापासून गूगलने त्याला हात दिला. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीला मराठी जडच जाई. इंग्रजी अक्षरं एकेकटी उभी असतात. आपली सगळी शिरोरेषेला धरून लटकलेली, त्यात खाली उकार, वर रफार, बाजूला वेलांटी. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीने अख्खी ओळ एकदम वाचायची नवी पद्धत घेतली आणि मराठी पान वाचता येण्याजोगं बाहेर पडू लागलं. माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर उबुंटू १६.०४ हे लिनक्स, आणि त्याच्या भांडारात टेसरॅक्ट तीनच. नवी उबुंटू त्या लॅपटॉपला झेपत नाही. चौथी आवृत्ती हवी तर सोर्सवरूनच बांधायची.

सोर्सवरून बांधायची रीत तीन ओळींची आहे. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल. मार्गदर्शक पुस्तिकेत त्या एकाखाली एक अशा छापलेल्या असतात की वाटावं, चहा उकळेपर्यंत आटपेल. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मध्ये किती पाऊस पडून जातो, हे पुस्तिकेत नसतं.

कॉन्फिगर तुमच्या यंत्राची चौकशी करतो. कंपायलर आहे का? आहे. चालतो का? चालतो. मांडणी कुठली? अमुक हेडर सापडतं का? पडद्यावर ‘येस’, ‘येस’ असं भराभर वर सरकत असतं आणि माणूस उगाचच सुखावतो. मग एक ‘नो’ येतो आणि सगळं थांबतं. माझ्या बाबतीत थांबून त्याने सांगितलं ते असं: लेप्टोनिका १.७४ किंवा त्यावरची हवी, लिबलेप्टोनिका-डेव्ह हे पॅकेज घालून बघा.

घालून बघितलं. उबुंटू १६.०४ च्या भांडारात लेप्टोनिका होती. १.७३.

लेप्टोनिका ही चित्रं उघडणारी, सरळ करणारी, डाग काढणारी लायब्ररी. डॅन ब्लूमबर्ग नावाच्या गृहस्थांनी ती मुख्यतः एकट्याने लिहिली आहे. टेसरॅक्टला अक्षरं कळतात, चित्र कळत नाही. चित्राचं सगळं लेप्टोनिका बघते. तेव्हा आता टेसरॅक्ट बाजूला ठेवून आधी लेप्टोनिका सोर्सवरून बांधायची. तिचीही चौकशी आली. तिला पीएनजी, जेपेग, टिफ अशा प्रत्येक चित्रप्रकाराची वेगळी लायब्ररी लागते आणि पीएनजीला झेडलिब लागते. या सगळ्याला डिपेन्डन्सी म्हणतात.

तरी लेप्टोनिका हवी म्हणणारा कॉन्फिगरचा तो निरोप मला आवडला, हे सांगून ठेवतो. काय हवं, कितवं हवं, कुठल्या नावाने मागायचं, सगळं एका ओळीत. सरकारी कार्यालयाच्या खिडकीवर इतकं स्वच्छ उत्तर मिळालं असतं तर माझे अर्धे केस काळे राहिले असते. याच्या आधी मला वेगळाच अनुभव येऊन गेला होता. ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह नावाचं एक लहानसं पॅकेज यंत्रावर नव्हतं. पण ‘ते नाही’ असं कुणी म्हणेना. कॉन्फिगर म्हणे, अमक्या ओळीवर अनपेक्षित चिन्ह आलं आहे. त्या ओळीवर काहीही चुकलेलं नव्हतं. जे पॅकेज त्या ओळीचा अर्थ लावणार होतं तेच घरी नव्हतं, म्हणून ओळ जशीच्या तशी पुढे गेली आणि भलतीकडे अडखळली. दुखणं एकीकडे आणि कण्हणं दुसरीकडे.

आता ‘डेव्ह’बद्दल. नवा माणूस इथं हमखास चिडतो. पीएनजीची लायब्ररी यंत्रावर असते, रोज तिच्यावर फोटो दिसत असतात, आणि कॉन्फिगर म्हणतो, पीएनजी नाही. डोळ्यांदेखत खोटं! पण ते खोटं नाही. चालवायला लागणारा भाग वेगळा आणि बांधायला लागणारा वेगळा. डेबियन-उबुंटूमध्ये दुसऱ्याचं नाव ‘डेव्ह’ने संपतं, फेडोरामध्ये ‘डेव्हेल’ने. हे कर्जतच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, कारण त्याच्या स्टेशनात हेच चालतं. मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या मेल-एक्सप्रेस गाड्या कर्जतला थांबतात त्या आमच्या गावच्या मोठेपणामुळे नव्हे. पुढे बोरघाट आहे, १८६३ मध्ये खुला झालेला, सदतीस फुटांना एक फूट असा चढ. तो चढायला गाडीच्या शेपटीला इथं बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, जोडतात. लोणावळ्याला ती सोडतात. पुण्याच्या स्टेशनात उतरणाऱ्या प्रवाशाला बँकर दिसत नाही आणि त्याची गरजही उरलेली नसते. ‘डेव्ह’ पॅकेज म्हणजे तो बँकर. घाटापुरता. प्रोग्राम बांधून झाला की काढून टाका, गाडी चालत राहील. चालवायची लायब्ररी मात्र काढून चालणार नाही. ती स्वतः इंजिन आहे.

माझा पुतण्या पुण्यात हिंजवडीला असतो. त्याला हे फोनवर रंगवून सांगितलं. तो म्हणाला, “काका, तुम्ही कंटेनर का नाही घेत? सगळं आतच येतं. डिपेन्डन्सीचा प्रश्नच नाही.”

बरोबर आहे त्याचं. डॉकर आहे, फ्लॅटपॅक आहे, ॲपइमेज आहे. लागेल ते सगळं पोटात घेऊन येतात, तुमच्या यंत्राला काही विचारत नाहीत. १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारतसुद्धा बँकर न लावता घाट चढते. तिची ताकद डब्यांखालीच वाटून दिलेली आहे. आणि म्हणून ती कर्जतला थांबत नाही. तिच्यातल्या प्रवाशाला कर्जतचा वडा मिळत नाही. हा वडा प्रसिद्ध झाला तो गाड्यांना इथं थांबणं भाग होतं म्हणून, हे पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, “काका, कंपनीत वड्याचं बिल लावता येत नाही.”

एकेकाळी डिपेन्डन्सीचा हा थांबा फारच लांबायचा. घरात इंटरनेट नव्हतं तेव्हा लिनक्स यायचं ते पीसीक्वेस्ट मासिकाबरोबरच्या सीडीतून, नाहीतर लोकलने लॅमिंग्टन रोडला जाऊन आणलेल्या सीडीतून. एखादं पॅकेज कमी पडलं की सायबर कॅफे गाठायचा, तासाचे पैसे मोजून ते फ्लॉपीवर उतरवायचं, घरी यायचं, आणि घरी कळायचं की त्या पॅकेजला आणखी एक लागतं. सायबर कॅफेवाला मला बघितलं की हसायचा. त्याला मी काय करतो ते कळत नसे, पण मी परत येणार हे कळत असे. डेबियनने १९९९ च्या मार्चमधल्या २.१ आवृत्तीत एपीटी आणली तेव्हा हा सगळा शोध यंत्राने स्वतः करायचं ठरलं: एक मागा, त्याला लागणारी आणि त्या लागणाऱ्यांना लागणारी सगळी आपोआप येतील. उलट १९९३ पासूनचं स्लॅकवेअर अजूनही डिपेन्डन्सी तपासत नाही. तुम्ही शहाणे आहात, तुमचं तुम्ही बघा, असा त्याचा खाक्या. जुन्या मास्तरांचा असायचा तसा. मला तो परवडत नाही, पण असे एकदोन शिल्लक असावेत असं वाटतं.

लेप्टोनिका बांधायला घेतली आणि वीज गेली. इथं एक भूगोल सांगायला हवा. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून आणि भिवपुरीचं १९२२ पासून घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी खाली आणून मुंबईसाठी वीज तयार करतं. दोन्ही आमच्याच दोन तालुक्यांत. त्यांच्या तारा उंच मनोऱ्यांवरून आमच्या डोक्यावरून जातात. आमची वीज बुटक्या खांबांवरून येते आणि आषाढात त्या तारांवर फांद्या पडतात. लॅपटॉपची बॅटरी कधीच निवृत्त झालेली. पण मेक हे भलं सॉफ्टवेअर आहे. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल लॅब्समध्ये लिहिलं. कुठली फाइल कुठल्या फाइलीवर अवलंबून आहे आणि कुणाची वेळ नवी आहे एवढंच ते बघतं, आणि झालेलं काम पुन्हा करत नाही. वीज आली, पुन्हा ‘मेक’ म्हटलं, की राहिलं तिथून पुढे. कुरकुर नाही. फक्त एक: वीज गेली त्या क्षणी जी फाइल अर्धी लिहून झाली होती तीही त्याला पूर्ण वाटते, कारण तिची वेळ ताजी असते. ती आपणच हुडकून पुसावी लागते.

मग टेसरॅक्टही बांधून झालं. चालवलं तर म्हणे, लायब्ररी सापडत नाही. फाइल तिथं होती, नुकतीच ठेवलेली. पण लिनक्सचा लोडर आपल्याजवळच्या यादीतून बघतो आणि ती यादी एलडीकॉन्फिग म्हटल्याशिवाय नवी होत नाही. ते म्हटलं. मग म्हणे, मराठीची फाइल उघडली नाही, एकही भाषा उघडता आली नाही. मराठीची शिकवलेली फाइल वेगळी आणून योग्य जागी ठेवायची असते. ठेवली. बायको मागून जाता जाता म्हणाली, “अहो, एवढ्यात मी टाइप करून दिलं असतं.” हे खरं होतं आणि या उद्योगात खऱ्याला उत्तर नसतं.

यानंतर जे झालं त्यासाठीच हे सगळं लिहायला घेतलं आहे. ग्रंथपाल बाईंची पानं पीएनजी होती. टेसरॅक्टला पहिलं पान दिलं आणि लेप्टोनिका उत्तरली: पीएनजी वाचायचं फंक्शन हजर नाही. लेप्टोनिका बांधताना पीएनजीचं ‘डेव्ह’ पॅकेज यंत्रावर नव्हतं. तिने चौकशी केली होती, ‘नो’ आलं होतं, आणि ती थांबली नव्हती. पीएनजी तिच्या लेखी ऐच्छिक. पीएनजीशिवाय तिने स्वतःला बांधून घेतलं, ‘झालं’ म्हणून सांगितलं, टेसरॅक्टनेही तिची आवृत्ती तेवढी तपासली आणि समाधान मानलं. शेकडो ओळींच्या भेंडोळ्यात ते एक ‘नो’ वर सरकून गेलं होतं. अडवणाऱ्या डिपेन्डन्सीला लोक शिव्या घालतात, तिच्यावर विनोद करतात. मला भीती वाटते ती न अडवणाऱ्या डिपेन्डन्सीची.

याचं मोठं रूप २०२४ च्या मार्चअखेर साऱ्या जगाने पाहिलं. एक्सझेड नावाची, फाइली दाबून लहान करणारी, कुणाच्या खिजगणतीत नसलेली लायब्ररी. तिच्यात कुणीतरी चोरवाट घालून ठेवली होती. सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याचा जो एसएसएच दरवाजा, त्याला एक्सझेडशी थेट काही देणंघेणं नाही. पण काही लिनक्समध्ये तो सिस्टमडीच्या लायब्ररीला जोडलेला आणि ती एक्सझेडच्या लायब्ररीला. म्हणजे डिपेन्डन्सीच्या डिपेन्डन्सीतून आत. शिवाय ती वाट पुरी होत होती बांधणीच्या वेळी, वाटपाच्या गठ्ठ्यातल्या कॉन्फिगरच्या मदतीने; उघड्यावर ठेवलेल्या सोर्समध्ये तो तुकडा नव्हताच. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि त्याने माग काढला. अर्धा सेकंद! आमच्याकडे अर्धा तास जास्त लागला तरी ‘पाऊस आहे’ म्हणून सोडून देतात.

पीएनजी घालून लेप्टोनिका पुन्हा बांधली आणि पानं निघाली. वाचनालयाची पुस्तकं १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची, त्यामुळे ‘कांहीं’, ‘घरें’, ‘नांव’ अशा अनुस्वारांनी भरलेली. यंत्र शिकलेलं नव्या मराठीवर. ते कुठं अनुस्वार डाग समजून पुसून टाकी, कुठं वाळवीच्या छिद्राला मान देऊन अनुस्वार ठेवी. बाई म्हणाल्या, “सर, लेखक जुने आणि लेखन नवं झालंय.” त्यावर उपाय यंत्राला जुनी पानं शिकवणं, आणि शिकवायच्या अवजारांना पँगो, कैरो आणि आयसीयू या आणखी तीन लायब्ररी लागतात.

इथं मी डिपेन्डन्सीत पुन्हा खाली उतरलो, आणि खाली फार मजेशीर गोष्ट भेटली. पँगोला हार्फबझ लागतं. ‘महाराष्ट्र’मधला ‘ष्ट्र’ कसा जोडायचा, ‘दऱ्या’मधला ऱ्य कसा वळवायचा, हे हार्फबझ ठरवतं. फायरफॉक्समध्ये तेच, लिबरऑफिसमध्ये तेच, ॲन्ड्रॉइड फोनवरही तेच. इराणात जन्मलेल्या बेहदाद इस्फहबोद यांनी ते पुढे नेलं. आपण व्हॉट्सॲपवर संक्रांतीच्या शुभेच्छा वाचतो त्यात त्यांचा हात असतो. या हार्फबझला अक्षरांची मापं घेण्यासाठी फ्रीटाइप लागतं. आणि फ्रीटाइपला, आकार नीट बसवण्यासाठी, हार्फबझ लागतं. आधी कुणाला बांधायचं? उत्तर छापील आहे: फ्रीटाइप हार्फबझशिवाय बांधा, त्यावर हार्फबझ बांधा, मग फ्रीटाइप पुन्हा एकदा बांधा. कोंबडी आधी की अंडं, हा वाद आपण पिढ्यान्‌पिढ्या घालतो. यांनी कोंबडी दोनदा केली आणि कामाला लागले.

असं आत आत बघण्यावरून एक आठवलं. २००७ मध्ये आमच्याच रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत हिरवे-पांढरे लहान लॅपटॉप आले होते. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग. आत फेडोरावर बेतलेलं लिनक्स, वर शुगर नावाची मुलांसाठीची मांडणी. त्या योजनेवर पुढे देशोदेशी पुष्कळ टीका झाली आणि तिच्यातली बरीचशी रास्त होती. लॅपटॉप मिळाला म्हणजे शिक्षण मिळालं असं होत नाही. शिक्षक, वीज, दुरुस्ती, मराठीतला मजकूर ही यादी कुठल्या कॉन्फिगरने आधी तपासली नव्हती. पण त्या कळफलकावर एक कळ होती ती मला फार आवडते. दाबली की चालू प्रोग्रामचा सोर्स उघडावा, म्हणून खास राखलेली. पहिलीतल्या मुलाला त्यातलं काय कळणार, हे विचारणं सोपं आहे. मला साठीत तरी कुठं सगळं कळतं? आत काय आहे ते दाखवायला यंत्र तयार आहे, एवढं कळलं तरी पुरे. आजच्या एकाही लॅपटॉपवर ती कळ मी पाहिलेली नाही.

तुमच्या गावच्या वाचनालयातही अशी पुस्तकं असतील आणि यंत्र जुनं असेल, तर खुशाल करा हा उद्योग. डेबियन-उबुंटूवर असाल तर एपीटीचं ‘बिल्ड-डेप’ आधी चालवा. भांडारातली जुनी आवृत्ती बांधायला जे लागतं ते सगळं ते घालून देतं आणि नव्या आवृत्तीची बहुतेक यादी त्यातच भागते. टेसरॅक्ट अडवेल, त्याची काळजी करू नका. काय कमी आहे ते ते सांगेल. लेप्टोनिका बांधायच्या आधी मात्र पीएनजी, जेपेग आणि टिफ या तिघांची ‘डेव्ह’ पॅकेजं स्वतः आठवणीने घाला. ती मागणार नाही.